मनोरुग्णालयातील मृतांची नावे कोणाची?

इंग्लंडमध्ये लंडनच्या दक्षिणेला एप्सम नावाचे गाव आहे आणि डर्बीच्या शर्यतीमुळे त्याचे नाव जगाला माहीत आहे. मुलीकडे राहायला गेलो असताना एका दुपारी मी तेथे गेलो, पण शर्यतीचे मैदान पाहण्यासाठी गेलो नव्हतो. हुक रोड आणि हॉर्टन लेन हे रस्ते जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर सुमारे पाच एकरांचे एक माजलेले रान आहे, ते मला पाहायचे होते. भोवती कुंपण, आत उंच वाढलेली झाडे, त्यांच्या बुंध्यांवर चढलेले वेल आणि खाली कमरेइतकी काटेरी झुडपे. कुंपणापासून चार हातांवर मोटारी धावत होत्या. आत थडगे आहे, दगड आहे, निदान एखादा क्रूस आहे, असे बाहेरून कोठेही दिसत नव्हते. मुलीने मोबाइलवरचा नकाशा दोनदा तपासला आणि जागा हीच असल्याचे सांगितले.

त्या रानाखाली सुमारे ९,००० माणसे पुरलेली आहेत. विसाव्या शतकाच्या आगेमागे लंडनच्या काउंटी कौन्सिलने एप्समच्या परिसरात एकामागून एक पाच मोठी मनोरुग्णालये उभारली. तेथे वारलेल्या ज्या रुग्णांचे प्रेत न्यायला कोणी आले नाही, किंवा ज्यांच्या घरच्यांना दफनाचा खर्च झेपला नाही, त्यांना १८९९ ते १९५५ या काळात या हॉर्टन दफनभूमीत पुरण्यात आले. १९८३ मध्ये आरोग्य खात्याने ही जमीन एका खासगी व्यावसायिकाला विकून टाकली. जागेचे असे झाले; दफनाच्या नोंदी मात्र टिकल्या. त्या नोंदींच्या आधारे काही स्थानिक स्वयंसेवक आता एकेका मृताचा माग काढतात आणि त्याचे गाव कोणते, तो काय काम करी, त्याला मुलेबाळे किती होती, रुग्णालयात तो कसा आला, हे शोधून प्रसिद्ध करतात. कुंपणाबाहेर उभे राहून मला जे दिसत नव्हते ते या लोकांना कागदावरून दिसू लागले आहे.

परत येताना गाडीत माझ्या मनात एकच विचार होता. त्या गावाने जमीन गमावली, पण वही राखली आणि वहीमुळे माणसे परत मिळाली. आपल्याकडे बहुसंख्य मृतांना अग्नी दिला जातो, त्यामुळे अशी जमीन सहसा नसतेच. आपल्या मनोरुग्णालयांत वारलेल्या माणसांची दफनभूमी म्हणजे तेथील मृत्यूची नोंदवही, दुसरे काही नाही. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही महाराष्ट्रातील चार जुनी सरकारी मनोरुग्णालये. नागपूरचे १८६४ पासून आहे, रत्नागिरीचे १८८६ पासून आणि ठाण्याचे १९०१ पासून. या चारही ठिकाणच्या मृत्यूच्या जुन्या नोंदी कायमस्वरूपी जपल्या जाव्यात, नातलगाने विचारले तर त्याला त्या विनासायास मिळाव्यात आणि मृत्यूला पंचाहत्तर वर्षे झाल्यानंतर मृतांची नावे सर्वांसाठी खुली व्हावीत, असे माझे म्हणणे आहे. हे म्हणण्याला माझ्यापुरते एक घरगुती कारणही आहे, ते आधी सांगतो.

माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, १९५४ साली एका सरकारी मनोरुग्णालयात दाखल झाली. मी तिला पाहिलेले नाही. घरात तिचा विषय निघाला की मोठी माणसे वाक्य अर्ध्यावर सोडून देत. वडिलांच्या पश्चात त्यांच्या ट्रंकेत सापडलेल्या कागदांवरून एवढे कळले, की आजोबांनी अर्ज केला, दोन डॉक्टरांनी दाखले दिले आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम काढला. तेव्हा १९१२ चा ‘इंडियन लूनसी अ‍ॅक्ट’ लागू होता आणि माणसाला भरती करण्याची रीत ती होती. त्याच कागदांत १९६१ च्या पावसाळ्यात आलेले एक पोस्टकार्ड होते. रुग्ण मरण पावली असून प्रेत मुदतीत कोणी न नेल्याने नियमाप्रमाणे विल्हेवाट लावण्यात आली आहे, एवढाच त्यातला मजकूर. ‘विल्हेवाट’ या शब्दाखाली कोणीतरी पेन्सिलीने रेघ ओढलेली आहे. ती वडिलांची असावी, कारण पुस्तक वाचतानाही ते अशीच बारीक, किंचित वर चढत जाणारी रेघ ओढत असत.

विल्हेवाट म्हणजे नेमके काय झाले, हे त्या कार्डावर नाही. तिला अग्नी दिला गेला असेल, तिला पुरले असेल, किंवा १९४९ च्या कायद्याने बेवारस प्रेते वैद्यकीय महाविद्यालयांना शिक्षणासाठी देता येऊ लागली होती, त्याप्रमाणे तिचा देह एखाद्या महाविद्यालयात गेला असेल. तसे झाले असल्यास मला त्याचे वाईट वाटणार नाही. तिच्या देहावर कोणी डॉक्टर शिकला असेल तर ते मी तिचे दानच मानीन. पण ते मला कळायला हवे. निवृत्तीनंतर मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. ‘सदर कालावधीचे अभिलेख आढळून येत नाहीत’ असे एका ओळीचे उत्तर आले.

माझी सगळी नोकरी सरकारी अभिलेख कक्षात गेली, त्यामुळे या ओळीचा अर्थ मला इतरांपेक्षा जरा जास्त कळतो. कागद एका दिवसात नाहीसा होत नाही. आधी कागद बांधून ठेवलेला रुमाल सुटतो आणि दप्तर उघडे पडते, मग गळक्या छताखालची मांडणी दुसऱ्या खोलीत हलते, तेथून जिन्याखाली जाते, मध्येच कोणी तरी यादी न करता गठ्ठे एकमेकांवर रचतो, वाळवी लागते, आणि शेवटी साफसफाईच्या मोहिमेत सारे रद्दीत निघते. यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. सरकारी कागदाचे वर्ग ठरलेले असतात. ‘अ’ वर्गातला कागद कायम ठेवायचा, ‘ब’ वर्गातला तीस वर्षे, त्याखालचे त्याहून कमी. मृत्यूची नोंदवही कोणत्या वर्गात टाकायची हे ज्याच्या हातात असते, त्याच्या एका सहीवर शेकडो माणसांचे पुढचे अस्तित्व ठरते. जमिनीचा फेरफार आपण जिवापाड जपतो, कारण त्यावर वारसांचा हक्क उभा असतो. मनोरुग्णालयात वारलेल्या माणसाच्या नावावर सहसा काही नसते आणि वारस असले तरी ते पुढे येत नाहीत, म्हणून त्याची नोंद जपण्याची निकड कोणालाच वाटत नाही.

हे सारे नाशिकमध्ये राहून पाहताना अधिक बोचते. मृतांची नावे सांभाळण्याचे काम या गावाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात आणि क्रियाकर्म आटोपले की तीर्थोपाध्यायांच्या घरी बसून नामावळीच्या वहीत कुळातल्या माणसांची नावे लिहून सही करतात. पन्नास-साठ वर्षांनी नातू येतो, गाव आणि आडनाव सांगतो, उपाध्ये बरोबर ते बाड काढतात आणि नातवाला आजोबांचे अक्षर दिसते. आमचे मूळ गाव निफाड तालुक्यातले. एप्समहून आल्यावर मी आमच्या उपाध्यांकडे पंचवटीत गेलो. १९४९ मध्ये पणजोबांच्या अस्थी घेऊन आजोबा आले होते, त्या वेळची नोंद त्यांच्या वळणदार अक्षरात आहे आणि तीन मुलांच्या नावांखाली ‘मुलगी एक’ असे लिहून आत्याचे नाव घातलेले आहे. मुलींची नावे या वह्यांत क्वचितच येतात, तरी त्यांनी ते घातले होते. १९६३ मध्ये आजी गेली तेव्हाची नोंद दोन पानांनंतर आहे, अक्षर तेच, शाई निळी. तीत फक्त तीन मुलगे आहेत.

आजोबांना मी दोष देत नाही. ज्या काळात मानसिक आजारावर आजच्यासारखी औषधे घरापर्यंत पोहोचलेली नव्हती, नाशिकमध्ये असे मोठे सरकारी रुग्णालय नव्हते आणि घरात लग्नाची मुले होती, त्या काळात त्यांनी जे केले ते हजारो घरांनी केले. लोकांच्या तोंडी तर त्या गावांची नावेच शिवीसारखी बसली. ‘याला ठाण्याला न्या’, ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत आणि बहुतेकांनी उच्चारलीही आहेत. असे घडण्यात आपले गावही सुटलेले नाही. नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत. उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने त्यांच्यातल्या काहींची मने ढासळत, आणि त्यावरून ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजीत ‘वेडा’ या अर्थाने रूढ झाला तो आजतागायत आहे. गावाचे नाव थट्टेचे झाले की तेथे राहून गेलेल्या माणसांची चौकशी करायची लाज वाटू लागते. आजोबांनी वहीतले नाव गाळले त्याच्या मुळाशी ही लाज होती.

नावे खुली करण्याविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप याच लाजेतून येतो. मानसिक आजाराची माहिती गोपनीय असते, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, मग मेल्यानंतर तो हक्क का मोडावा, असे विचारले जाते. प्रश्न योग्य आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. परंतु आपल्याच दुसऱ्या एका कायद्याने याचे उत्तर बरेचसे देऊन ठेवले आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे रुग्णालयातील प्रत्येक मृत्यूची नोंद करणे बंधनकारक आहे आणि त्या नोंदीचा उतारा कोणालाही मागता येतो, मात्र मृत्यूचे कारण उताऱ्यात उघड करायचे नाही असे त्यातच लिहिले आहे. म्हणजे मृत्यू ही समाजाची बाब आणि आजार ही माणसाची खासगी बाब, ही रेषा कायद्याने पूर्वीच आखली आहे. मी रुग्णांचे केसपेपर उघडा असे म्हणत नाही. कोणाला काय भास होत, कोणाला कोणते उपचार दिले, कोण रात्री ओरडत असे, हे ज्याचे त्याच्यापाशी राहावे. मी मागतो आहे ते नाव, वय, गाव, मृत्यूची तारीख आणि देहाचे पुढे काय झाले एवढेच.

मनोरुग्णालयातल्या यादीत नाव आले की आजार आपोआप उघड होतो, हे खरे आहे, आणि म्हणूनच पंचाहत्तर वर्षांचा अवधी मी सुचवतो. माझ्या आत्याचे नाव मी या लेखात लिहिलेले नाही. माझ्या थोरल्या चुलत बहिणीने हात धरून सांगितले, की नातीचे लग्न ठरते आहे, आत्ता नको. मला वाईट वाटले, पण मी तिचे ऐकले. आत्याच्या मृत्यूला अजून पंचाहत्तर वर्षे झालेली नाहीत आणि जो नियम मी सर्वांसाठी मागतो तो मला आधी पाळायला हवा. मात्र याच प्रसंगाने माझे मत अधिक पक्के झाले. घरच्या माणसांना नाव उच्चारणे अवघड जाते, पिढ्या उलटल्या तरी जाते. तेव्हा ते नाव सांभाळण्याची जबाबदारी घरावर सोडून चालणार नाही. ती सरकारनेच घ्यायला हवी, कारण त्या माणसाला शेवटपर्यंत ठेवून घेणारे घर सरकारचेच होते.

गोपनीयतेच्या नावाखाली काय घडू शकते याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील विलर्ड येथील मनोरुग्णालयाच्या दफनभूमीत ५,७७६ रुग्ण आहेत. त्यांतल्या कितीतरी कबरी ज्याने खणल्या तो लॉरेन्स मोचा हा स्वतः तेथलाच रुग्ण होता. १९६८ मध्ये तो वारला आणि त्यालाही त्याच भूमीत पुरले. त्याच्या नावाची पाटी लावावी म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि राज्याचे अधिकारी गोपनीयतेचा नियम पुढे करीत राहिले. अखेर २०१५ मध्ये पाटी लागली. ज्या माणसाने इतरांना मातीआड करताना आयुष्य घालवले त्याचे नाव लपवून कोणाचे रक्षण होत होते? त्याच देशात जॉर्जिया राज्यातील मिलेजव्हिलला सुमारे २५,००० रुग्ण पुरलेले असल्याचा अंदाज आहे. तेथे कबरींवर नाव नव्हते, क्रमांक ओतलेल्या लोखंडी खुंट्या होत्या, आणि गवत कापायला अडचण होते म्हणून कामगारांनी त्याही हजारोंनी उपटून टाकल्या. १९९७ मध्ये हे लक्षात आणून दिले आणि दुरुस्तीचे काम हाती घेतले ते मानसिक आजारातून स्वतः गेलेल्या माणसांनी. ऑरेगॉनने निराळी वाट धरली. तेथील राज्य रुग्णालयात सुमारे ३,५०० मृतांची रक्षा तांब्याच्या डब्यांत पडून होती. त्यांची नावे जाहीर करण्यात आली, २०१४ मध्ये स्मारक उभे राहिले, आणि दूरदूरचे वंशज येऊन आपल्या माणसाची रक्षा घेऊन गेले. रुग्णांच्या घराण्यांवर यामुळे आकाश कोसळले नाही.

दुसरा आक्षेप असा, की जिवंत रुग्णांचे हाल होत असताना मेलेल्यांच्या नावांवर पैसा आणि वेळ कशासाठी घालवायचा. चार रुग्णालयांच्या जुन्या वह्या स्कॅन करून राज्याच्या पुराभिलेख संचालनालयात त्यांची एक प्रत ठेवणे हे फार खर्चाचे काम नाही. दोन-तीन जाणकार कारकून आणि एक बरे यंत्र यांवर ते होते. पण खर्चाहून महत्त्वाचे असे, की मृतांकडे पाहण्याची रीत आणि जिवंतांकडे पाहण्याची रीत एकाच हाताने घडते. २०१७ च्या कायद्याच्या १९ व्या कलमाने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे आणि केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कोणाला रुग्णालयात ठेवून घेऊ नये असे सांगितले आहे. तरीही २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला बजावावे लागले, की बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलवणे थांबवा. जो माणूस बरा होऊनही कोणाचा नाही, तो उद्या वारल्यावर कोणाचा असणार? वर्षानुवर्षे राहिलेल्या प्रत्येक रुग्णाला, तो बोलण्याच्या मनःस्थितीत असताना, तुमच्या मागे कोणाला कळवायचे, तुमचे अंत्यसंस्कार कोणत्या पद्धतीने करायचे, अस्थींचे काय करायचे, हे विचारून लिहून ठेवता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. विचारणारा एक समाजसेवा अधीक्षक आणि उत्तर लिहायला एक रकाना लागेल.

हे काम आत्ताच का करायचे, याला दोन कारणे आहेत. ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या जागेचा काही भाग नव्या रेल्वे स्थानकासाठी जाणार आहे. इमारती पाडताना आणि सामान हलवताना सर्वांत आधी जुना कागद नष्ट होतो, हे मी माझ्या नोकरीत तीन वेळा पाहिले आहे. म्हणून विटेला हात लागण्यापूर्वी कपाटांची मोजदाद व्हायला हवी.

दुसरे कारण नाशिकचेच आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. मेळ्याच्या गर्दीत माणसे हरवतात हे सर्वांना ठाऊक आहे. मेळ्यात माणसे सोडूनही दिली जातात, हे आपण उघडपणे बोलत नाही. म्हातारी माणसे असतात, तशी मानसिक आजाराने त्रासलेली माणसेही असतात, आणि साधुग्राम उठल्यावर ती गोदाघाटावर, बसस्थानकावर, त्र्यंबक रस्त्यावर फिरताना दिसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १०० व्या कलमाप्रमाणे अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत जवळच्या सार्वजनिक रुग्णालयात नेणे, तो बेघर असल्यास हरवल्याची फिर्याद नोंदवणे आणि त्याच्या घरच्यांचा शोध घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. मेळ्याच्या तयारीत रस्ते, पूल आणि घाट यांबरोबर या कामासाठी वेगळा कक्ष असावा, तेथे हिंदी, तेलुगू, बंगाली, कन्नड समजणारी माणसे असावीत आणि सापडलेल्या व्यक्तीला तिचे नाव तिच्या भाषेत विचारले जावे. ‘अनोळखी इसम, वय अंदाजे पन्नास’ अशी पहिली नोंद झाली, की पुढच्या प्रत्येक कागदावर तेच उतरत जाते आणि शेवटी अमरधामच्या पावतीवरही तेच लिहिले जाते.

आपल्या परंपरेत अशा माणसांसाठी जागा आहे, हेही सांगितले पाहिजे. तर्पण करताना ज्यांना आई नाही, बाप नाही, बंधू नाही, त्यांच्यासाठीही पाणी सोडले जाते. तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप गोत्र सांगावे, अशी सोय आहे. तिथी नसली तरी चालेल, गोत्र नसले तरी चालेल, पण संकल्प सोडताना नाव लागते.

गेल्या भाद्रपदात सर्वपित्रीला मी पुन्हा उपाध्यांकडे गेलो आणि १९६३ च्या नोंदीखाली आत्याचे नाव लिहू देण्याची विनंती केली. जुन्या नोंदीत भर घालता येत नाही, असे त्यांनी सांगितले, आणि ते बरोबरच होते. मीही कोणाला घालू दिली नसती. त्यांनी चालू वहीत नवे पान काढले. मी गाव, आडनाव आणि आत्याचे नाव लिहिले, त्यापुढे ‘मृत्यू १९६१, मनोरुग्णालयात’ असे लिहिले आणि सही केली. उपाध्यांनी तिथी विचारली. माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातातली वही वळवून घेतली, ‘तिथी’ एवढा शब्द स्वतःच्या हाताने लिहिला, पुढे अर्धी ओळ मोकळी सोडली आणि म्हणाले, ‘‘सापडली की येऊन भरा. वही इथेच आहे.’’